डोंग्यामागचा बांबू

चित्रात सात सिंदीची झाडं होती, तलावाची एक पाळ, एक डोंगा, डोंग्यात एक माणूस आणि पाळीवर पाठमोरी उभी एक बाई. ढग मोजता आले नाहीत. कोपऱ्यात सही होती: खुशाल.

प्रेमिलाने लग्नात माहेराहून आणलेली ही एकच वस्तू आमच्या भिंतीवर होती. खुशाल तिच्या गावचा. दोन वर्षांपूर्वी, १९५५ च्या वादळात, तो डोंगा घेऊन तलावात गेला तो आलाच नाही. यंदा मे महिन्यात तलाव पार आटला, तळाला भेगा पडल्या. तिथे त्याचा डोंगाही मिळाला नाही.

सावली गावात पावसाच्या नोंदी घेण्याचं माझं काम. वसतिगृहात राहून मी बी.एस्सी. झालो, ढिवराच्या घरात जन्मूनही डोंगा कधी चालवला नाही. चित्रातली झाडं तलावाकडे झुकलेली, म्हणजे वारा पाळीवरून आत जाणारा. डोंगा दूर चालला आहे, असा अर्थ मी लावला. तो मला आवडला.

मग एकदा सासरे आले, इस्तारीभाऊ. चहा पिता पिता चित्राकडे पाहून हसले.

"जावईबापू, एवढे शिकले तुमी, अन् बांबू नाई दिसला? डोंगा रेटतानी बांबू मागं राह्यते. याचा बांबू तलावाकडं हाय. थो घराकडं येऊन राह्यला."

चुलीपाशी प्रेमिलाचा हात थांबला. ती भिंतीकडे बघत होती. माझ्याकडे तिने तसं कधी पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर मी पट्टी घेतली. डोंग्यापासून पाळीपर्यंत एकेचाळीस मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी सदतीस. पट्टी बदलली. सदतीसच.

आठवड्याने नऊ.

"काय दिसते तुले त्याच्यात?" मी विचारलं.

"तुमीच तर रोज पाहता जी. मी कुठी मोजते?"

त्या संध्याकाळी चित्र पेटीत पालथं घातलं, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. प्रेमिलाने भात वाढला.

सकाळी ती गुणगुणत तांदूळ निवडत होती. लुगडं पायांना चिकटलं होतं. काठाला शेवाळाचा वास.

"कुठी गेली होती?"

"कुठी नाई जी."

किल्ली करदोट्यालाच होती. पेटी मी उघडली नाही.

आठ वाजता नोंद घेतली. पाऊस: शून्य.

मग पट्टी तिच्या लुगड्याला लावली. काठापासून वर ओल: अकरा इंच.