लोखंडातला क्याई

हे खरं आहे. जावा बेटावर, क्लातेनजवळच्या आमच्या गावात, सुरो या वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या एका गुरुवारी, दिवेलागणीला घडलं. तेव्हा आमच्या वाद्यमेळ्यात वाजवणारे अकराही जण जिवंत आहेत. विचारा त्यांना.

मरताना बाबांनी गोंग माझ्या हवाली केला होता. कमरेएवढा, काशाचा. नाव क्याई मेंदुंग; पूज्य वाद्याला आम्ही क्याई म्हणतो.

"वार्सिनी, दर आठवा टोला याचा. याला कुणाच्या हाती देऊ नकोस."

बारा वर्षं मी दर गुरुवारी त्याच्यापुढे फुलं ठेवली, धूप जाळला.

त्या दिवशी दादा म्हणाला, "तू नको दमूस गं. फुलं मी वाहिलीत."

दादा? ज्याने कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो?

मी हसले. माळांनी झाकलेल्या गोंगसमोर बसले. हसत बसले...

तालीम सुरू झाली.

पाच. सहा. सात.

मी टोला दिला.

...

गोंग हलला. झुलत राहिला. आवाज नाही.

"झोपलीस की काय?" ढोलावरचे तुकिजोकाका ओरडले. "का भात कमी पडला?"

सगळे हसले.

पुन्हा. पाच. सहा. सात.

...

आता कुणी हसलं नाही.

मी मागून, गोंगच्या फुगवट्यात हात घातला. सूर जुळवायला बाबांनी तिथं मेण लावलं होतं. त्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा. अंधारातही ओळखायचे मी.

गुळगुळीत.

मेण नव्हतं.

"दादा... हा आपला नाही."

त्याने मान वर केली नाही.

"वितळवला. माझ्या सासऱ्यांच्या नव्या वाद्यांना कासं हवं होतं. हा लोखंडी आहे. रंग दिलाय, कुणाला कळतंय?"

"बाबांना काय सांगशील?"

"मेलेल्याला काय सांगायचं?" त्याने माझ्या हातून दांडका हिसकावला. "तुला वाजवता येत नाही, म्हण की!"

त्याने टोला दिला.

आणि...

क्याई बोलला.

तोच. जमिनीतून येणारा, पोटात शिरणारा, लाटांनी विरणारा. तुकिजोकाकांनी कपाळाशी हात जोडले.

मी पुन्हा आत हात घातला.

मेण होतं. मऊ... ऊबदार. त्यात अंगठा.

त्याला दादाच वाजवतो आता. माझ्या हाती तो मुकाच राहतो. बारा वर्षं मी राखला, दादाने वितळवला, आणि बाबा...

अजूनही दर गुरुवारी मी फुलं वाहते.

शुक्रवारी सकाळी ती दादाच्या उंबऱ्यावर असतात. ताजी.