दोनशे चौदाचा बुधवार

तो नोटीस बोर्डावर ड्यूटीचा तक्ता लावत होता, आणि चौथ्या कोपऱ्याची टाचणी बसायच्या आतच तिने तो तक्ता खस्सकन ओढला.

"आई गं—"

टाचणी बोर्डात नाही, त्याच्या अंगठ्यात गेली होती.

"लागलं का?" तिने विचारलं खरं, पण डोळे तक्त्यावरच. "सलग सात रात्रपाळ्या! सातवा महिना चाललाय आमच्या वॉर्डातल्या त्या सिस्टरला, आणि सात रात्री? कोणी लावल्या या?"

"मी फक्त टाचण्या लावतो," तो अंगठा दाबत म्हणाला. "ड्यूट्या कॉम्प्युटर लावतो."

"आणि कॉम्प्युटरला कोण सांगतं?"

"ते... मलाही माहीत नाही, सिस्टर. विकत आणलेला प्रोग्राम आहे. आत काय लिहिलंय ते बघता येत नाही. मला नाही, अधीक्षकांनाही नाही."

तेव्हा कुठे तिचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. तिने मनगटाला धरून त्याला सरळ ड्रेसिंगच्या टेबलापाशी नेलं.

"एवढ्याशा टाचणीला पट्टी?"

"गप्प बसा. मुलांच्या वॉर्डातली आहे मी. रडलात तर हातमोज्याचा फुगा करून देईन."

"मग मी रडतोच—"

किती वर्षं झाली त्या गोष्टीला! पण तो बोळ, फिनाईलचा तो वास, खिडकीतून टेबलावर पडलेला उन्हाचा तिरपा तुकडा आणि त्यात त्याचा तो शहाण्या मुलासारखा पुढे केलेला अंगठा... सगळं तिला आजही जसंच्या तसं दिसतं. त्याला हॉस्पिटलात सगळे प्रिंटरवाला म्हणायचे. काम रेकॉर्ड रूममधल्या कॉम्प्युटरचं, पण कागद अडकल्याशिवाय त्याची कोणाला आठवण येत नसे. त्या दिवशी पट्टी बांधून घेता घेता तो मान खाली घालून एवढंच म्हणाला होता, की ड्यूट्या लावणारा एक प्रोग्राम त्याने स्वतःही लिहिलाय. तीन वर्षांपूर्वी. त्यातला नियम न् नियम कोणालाही वाचता येतो, पटला नाही तर बदल सुचवता येतो. ओपन सोर्स म्हणतात त्याला.

"मग तो का नाही वापरत आपण?"

"दाखवला होता अधीक्षकांना. म्हणाले, फुकटच्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार? मग सहा हॉस्पिटलांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं."

"काय आलं?"

"की पत्र चुकीच्या विभागात आलंय."

ती हसली. तोही हसला, पण जरा उशिरा.

चारच दिवसांनी सिस्टर पायऱ्यांवर बसल्या. एकही पेशंट वाऱ्यावर सोडला नाही कोणी. ज्यांची ड्यूटी संपायची त्या घरी न जाता हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर येऊन बसायच्या, दोन तास बसून मग घरी. मागणी एकच, आणि ती पुठ्ठ्यावर एकाच शब्दात लिहिलेली: 'दाखवा'. आमच्या ड्यूट्या कशा लागतात ते दाखवा.

पाचव्या दिवशी ती त्याला ओढूनच तिथे घेऊन गेली. पाऊस भुरभुरत होता. त्याच्या डोक्यावर छत्री तिने धरली आणि तो बोलायला लागला... पण काय बोलला ते देवालाच ठाऊक. कोणी जांभई दिली, कोणी घड्याळ पाहिलं.

"थांबा, मी सांगते," ती मध्येच म्हणाली. "औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते छापलेलं असतं ना? नसेल तर पेशंटला देतो का आपण? मग आपल्या झोपेची बाटली तेवढी बिनचिठ्ठीची का चालवून घ्यायची? यांच्या बाटलीवर सगळं लिहिलेलं आहे. एवढंच म्हणणं आहे यांचं."

"असं होय!" पहिल्या पायरीवरच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. तीस वर्षांची नोकरी, गुडघे कामातून गेलेले, आणि आवाज मात्र तिन्ही मजल्यांवर पोचेल असा. "मग हे मघाशी का नाही सांगितलंस रे बाबा?"

तेवढ्याने चक्रं फिरली. तेराव्या दिवशी अधीक्षकांनी तीन महिन्यांसाठी, फक्त चाळीस सिस्टरांपुरता, त्याचा प्रोग्राम चालवून बघायला होकार दिला. पंधरवड्याने बस डेपोतले कंडक्टर चौकशीला आले. त्यांच्याही ड्यूट्या कुठलंसं यंत्रच लावायचं आणि त्यांनाही कोणी काही दाखवत नव्हतं. मग आणखी दोन हॉस्पिटलं आली. त्यातलं एक तर पत्राला उत्तरही न दिलेल्यांपैकीच.

"प्रोग्राम तोच आहे," तो एकदा तिला म्हणाला. "एक ओळ बदलली नाही मी. तीन वर्षं दारोदार फिरलो तेव्हा कोणी चहासुद्धा विचारला नाही. आणि तुम्ही नुसत्या पायऱ्यांवर बसलात..."

"नुसत्या? पाठ बघा माझी, मोडून निघाली."

"बघू?"

"प्रिंटरवाले!"

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता कॅन्टीनमध्ये वाचन असायचं. लांब टेबलाच्या टोकाला तो, समोर पडद्यावर प्रोग्रामच्या ओळी, आणि एकेक नियम म्हणजे काय ते सगळ्यांना सांगायचं. बाकीच्या जणी तासाभरात दमायच्या. ती मात्र हट्टाने बसायची. महिन्याभरात तिला ओळी वाचता यायला लागल्या, दीड महिन्यात त्याच्या चुका दिसायला लागल्या. मग सगळ्यांनी मिळून तिलाच वाचक नेमलं. कोणाला आपल्या ड्यूटीबद्दल शंका आली, की तिने प्रोग्राम उघडायचा आणि कारण शोधून द्यायचं. शाळेत गणिताला घाबरणारी ती... त्या खुर्चीवर बसली की तिला दोन इंच उंच झाल्यासारखं वाटे.

"गुरुवारी तू केस धुऊन जातेस," आई एकदा म्हणाली. "गुरुवारी असतं काय?"

"मीटिंग."

"मीटिंगला कोणी गुणगुणत जात नाही बाई."

आणि मग, तीन महिने संपायला चार दिवस उरले असताना, मोठ्या सिस्टरांनी तिला लिनन रूमच्या दाराशी गाठलं.

"पोरी, तक्रार नाही हं माझी. पण या महिन्यात चारातले तीन बुधवार रात्रपाळी मलाच. गुडघे बोलायला लागलेत. जरा बघशील?"

"आजच बघते."

जेवणाच्या सुट्टीत तिने प्रोग्राम उघडला. बुधवारचे नियम खाली खाली वाचत गेली आणि एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं. 'कर्मचारी क्रमांक २१४ला बुधवारी रात्रपाळी देऊ नये.' दोनशे चौदा म्हणजे ती स्वतःच. आणि तिच्या वाटच्या रात्री यादीतल्या पुढच्या नावावर सरकत होत्या, म्हणजे मोठ्या सिस्टरांवर.

ओळीशेजारी शेरा होता. तो माणसांसाठी लिहायचा असतो, यंत्र तो वाचत नाही. 'बुधवारी जागरण झालं की ती गुरुवारी जांभया देते. हसायचं राहून जातं.'

तिने ते दोनदा वाचलं. कान गरम झाले... आणि लगेच मोठ्या सिस्टरांचे गुडघे आठवले.

रेकॉर्ड रूममध्ये तो प्रिंटरचं झाकण उघडून बसला होता. ती आत आली, दार लोटलं आणि पाठ दाराला टेकून उभी राहिली.

"दोनशे चौदा," ती म्हणाली.

त्याच्या हातातला कागद तसाच राहिला.

"चाचणीसाठी लिहिली होती ती ओळ... काढायची राहून गेली." मग तो थांबला. "नाही. खोटं बोलतोय. काढवली नाही."

"मोठ्या सिस्टर तीन रात्री उभ्या होत्या. माझ्या हसण्यासाठी!"

"माझ्या लक्षातच आलं नाही कुठे सरकतंय ते. फक्त तुम्ही दिसत होता—"

"तेच तर! पूर्वीच्या यंत्रात काय होतं मग? तिथेही कोणालातरी कोणीतरी दिसतच असेल ना?"

त्याने हातातला कागद खाली ठेवला. मग तो हळूच म्हणाला, "मी आत्ता काढतो. पण काढली तरी खाली नोंद राहते. कोणी लिहिली, कोणी काढली, कधी, का. ती पुसता येत नाही."

"आणि पुसता आली असती तर पुसली असतीत?"

"तीन महिन्यांपूर्वी... कदाचित. आता तुम्हाला वाचता येतं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. अधीक्षक असल्याच एका भोकाची वाट बघत होते, हे तिला माहीत होतं. ओळ सभेत वाचली तर पायऱ्यांवरचे तेरा दिवस पाण्यात जातील. नाही वाचली, तर मोठ्या सिस्टरांना ती काय सांगणार? 'कॉम्प्युटरने लावलंय'?

"सोमवारच्या सभेत मी वाचून दाखवणार," ती म्हणाली.

"शेऱ्यासकट?"

"शेऱ्यासकट."

"मेलो," तो म्हणाला.

सोमवारी सभागृह भरलं होतं. ती उभी राहिली, ओळ वाचली. शेरा वाचताना आवाज जरा कापला, पण तिने एक शब्द गाळला नाही. मागच्या रांगेत खसखस पिकली. तो प्रोजेक्टरच्या वायरीपाशी इतका वाकून बसला होता, जणू त्या वायरीतच शिरेल.

अधीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे तुमच्या या खुल्या प्रोग्राममध्येही वशिला आहेच!"

"आहे की, साहेब." मोठ्या सिस्टर टेबलाला धरून उठल्या. "तुमच्या यंत्राने सात महिन्यांच्या पोटुशीला सात रात्री का लावल्या, ते आजवर कोणाला कळलंय का? आणि इथे मी गुरुवारी विचारलं, गुरुवारीच सापडलं. पकडता आलं, म्हणून तर हा हवा." मग त्या वायरींकडे वळल्या. "आणि तू रे! प्रेम तुझं, आणि पाय दुखले माझे!"

सभागृह कोसळलं हसून. अधीक्षकांनाही चष्मा पुसावा लागला. पुढचे तीन बुधवार दोनशे चौदाने रात्रपाळी करायची, हे तिथल्या तिथे ठरलं. ते ती स्वतःच म्हणाली. मग हात वर झाले, चाळीसच्या चाळीस, आणि अधीक्षकांनी सुस्कारा टाकून लिहिलं: प्रोग्राम कायम, सर्व विभागांसाठी.

"एका अटीवर," ते म्हणाले. "यापुढे यांनी लिहिलेली ओळ दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय आत जाणार नाही. कोण तपासणार?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा हात अर्धा वर गेलाच होता.

"ही नको," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण ठाम.

"का? काही संबंध आहे का यांचा एकमेकांशी?" अधीक्षकांनी पेन उचललं. "तसं असेल तर वाचकपदही सोडावं लागेल. स्पष्ट सांगा, इतिवृत्तात लिहायचंय."

ती खुर्ची, त्या ओळी, ती दोन इंचांची उंची... 'नाही' म्हटलं असतं तर सगळं तिचंच राहिलं असतं. खोटं तरी कसं म्हणणार होतं कोणी? शेरा त्याचा होता. तिने कुठे काय लिहिलं होतं?

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता, नको, नको म्हणून. खुर्ची सोडू नका म्हणून.

"लिहा," ती म्हणाली. "आहे."

"काय संबंध?"

"ते अजून... यांनी विचारलेलं नाही."

तो उभा राहिला. पाय वायरीत अडकला, पडदा काळा झाला, तरी तो उभाच.

"हे विषयपत्रिकेत नाही," अधीक्षक म्हणाले. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

तिने वाचकाची वही मोठ्या सिस्टरांपुढे सरकवली. हात रिकामे झाले. आणि हसू... आवरेचना.

"बाहेर जाऊन विचारू?" त्याने चाचरत विचारलं.

"बाहेर कशाला? इथेच विचार," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर विचार."