मागे जागा नाही

भुताच्या गोष्टीत रात्र असते. अमावास्या असते. ओसाड बंगला असतो.

या गोष्टीत त्यातलं काहीच नाही. बहुतेक सगळं घडलं ते दिवसाउजेडी, भर रस्त्यात, माणसांच्या देखत.

तरी ती खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती आमची कालिंदीमावशी उभ्या आयुष्यात खोटं बोलली नाही. उलट तिच्या खरं बोलण्यामुळेच घरात भांडणं व्हायची.

साल एकोणीसशे चोपन्न. पौषातली थंडी. कलकत्ता.

मावशीचे यजमान श्यामराव केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. नागपूरहून बदली होऊन आलेले. 'लेक' म्हणतात त्या मोठ्या तळ्याजवळ दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. एकुलती एक मुलगी लीना, सहा वर्षांची. तिचा डावा पाय पोलिओने गेलेला.

लीनाला शेक आणि व्यायामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागे. तेही भर दुपारी, श्यामराव ऑफिसात असताना. ट्रामच्या गर्दीत पोरीला कडेवर घेऊन कालिंदी चढायची. एकदा पायरीवरून दोघी पडता पडता वाचल्या.

त्या दिवशी तिने ठरवलं.

बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची मोटार श्यामरावांनी घेतलेली होती. ती दिवसभर दारात उभी असायची. "मी चालवायला शिकणार," कालिंदी म्हणाली. श्यामराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

शेजारच्या मालतीबाई कलकत्त्यातच जन्मलेल्या. त्यांनी मोटार शाळेचा पत्ता दिला. शाळा म्हणजे भवानीपुरातल्या एका गल्लीत एक खोली, एक पाटी आणि एक जुनी काळी ऑस्टिन. मालक, मास्तर सगळं एकच माणूस. निशिकांत घोषाल.

पन्नाशीचा असेल. सडपातळ. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला कानटोपी. बोलणं हळू, अदबीचं, बंगाली वळणाच्या हिंदीत. शिकवायचा मात्र उत्तम. क्लच कसा अलगद सोडायचा, गिअर न करकरवता कसा टाकायचा... एकदा सांगितलं की हाताला लक्षात राहावं असं सांगायचा.

पण पहिल्याच दिवशी कालिंदीला एक गोष्ट खटकली.

गाडीतला आरसा.

तो तिच्याकडे वळवलेलाच नव्हता. घोषाल डावीकडे बसायचा, आणि आरसा त्याच्याकडे वळवलेला असायचा.

"मला मागचं दिसत नाही," ती म्हणाली.

"आप सामने देखिए, मेमसाब. पीछे हम देखता है."

आणि तो खरंच बघायचा. सारखा. गाडी लेकच्या रस्त्यावर गोल गोल फिरत असायची आणि घोषालची नजर त्या आरशात खिळलेली असायची.

कालिंदीला घाण वाटली. वाटलं, मेला माझ्याकडे बघतोय. दुसऱ्या दिवशी तिने पदर खांद्यावरून घट्ट लपेटून घेतला. गाडी थांबली असताना मान तिरकी करून त्या आरशाचा कोन पाहिला.

तो तिच्याकडे बघत नव्हता.

आरशात तिच्या पाठीमागची सीट दिसत होती.

रिकामी.

मग काचेचं सुरू झालं. धुकं इतकं की अंगाला पाणी लागायचं. गाडी सुरू करण्याआधी कालिंदी स्वतः मागे जाऊन उजवीकडची काच वर करून यायची. हँडल नीट फिरायचं. काच घट्ट बसायची.

आणि अर्ध्या रस्त्यात... मानेवर गार वारा.

वळून बघावं तर काच पूर्ण खाली.

"काँच खराब है," घोषाल म्हणायचा.

काच खराब नव्हती. कालिंदीने स्वतःच्या हाताने फिरवून पाहिली होती. मग हा माणूस खोटं का बोलतोय?

त्या काळी गाड्यांना वळायचे दिवे क्वचितच असत. वळायचं झालं की उजवा हात खिडकीबाहेर काढून दाखवायचा. पहिल्यांदा भर रहदारीत आणलं तेव्हा कालिंदी गांगरली. रासबिहारीच्या चौकात उजवीकडे वळायचं होतं, पण स्टिअरिंगवरचा हात काढायचा धीरच होईना. आता पोलीस ओरडणार, या भीतीने तिने डोळे बारीक केले.

पोलिसाने तिच्यासाठी सगळी रहदारी थांबवली. मान डोलावून म्हणाला, "यान, यान." जा, जा.

"मी हात दाखवलाच नव्हता," ती घोषालला म्हणाली.

घोषाल आरशात बघत होता. कानटोपीखाली त्याच्या कपाळावर घाम होता. त्या थंडीत.

त्यानंतर काही दिवसांनी रेड रोडवर एक सरदारजी टॅक्सीवाला अगदी शेजारी आला. काच खाली करून कावला, "ओ बहनजी! एक हाथ सीधा, एक हाथ दाहिने! जाना किधर है? दो-दो हाथ मत निकालो!"

दोन हात?

कालिंदीचा एकच हात बाहेर होता.

तिने गाडी कडेला घेतली. घोषाल "नहीं, नहीं, चलिए" म्हणत असतानाच ती उतरली. मागचं दार उघडलं. सीटखाली पाहिलं. पाय ठेवायच्या जागेत पाहिलं. तिला खात्री होती, या माणसाने गाडीत कुणाला तरी लपवलंय.

कुणी नव्हतं.

पण गाडी बाहेरून दवाने भिजली होती. टपावर, दारांवर, सगळीकडे बारीक थेंब. फक्त मागच्या उजव्या खिडकीखाली एक पट्टा कोरडा होता.

खिडकीवर कोपर टेकवून कुणी हात बाहेर काढला की दव पुसलं जाईल... तसा.

"घोषालबाबू, गाडीत कोण आहे?"

"कोई नहीं, मेमसाब."

हे तो मागे न बघता म्हणाला. आणि मग त्याने अगदी हळू, बंगालीत काहीतरी पुटपुटलं. कालिंदीशी नव्हे.

त्या संध्याकाळी तिने श्यामरावांना सगळं सांगितलं. श्यामरावांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता.

"अगं, हा माणूस काहीतरी चोरटा धंदा करतोय. तुझ्यासारखी बाई चालवतेय म्हटल्यावर पोलीस गाडी तपासत नाहीत. उद्या मी येतो. मागे बसतो. बघू काय ते."

कालिंदीला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते पटवून घ्यायचं होतं.

रविवारची सकाळ. लीनाला मालतीबाईंकडे ठेवून दोघं खाली आले. श्यामरावांना बघून घोषालचा चेहरा उतरला.

"साहेब नहीं आ सकते."

"का?"

घोषालने मागच्या सीटकडे पाहिलं.

"पीछे जगह नहीं है."

श्यामराव हसले. रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं. मागचं दार उघडून आत सरकले आणि ऐसपैस मधोमध बसले. "चल गं," म्हणाले.

त्या दिवशी स्ट्रँड रोडला जायचं होतं, गंगेच्या काठाकाठाने. नदीवरून धुकं रस्त्यावर उतरलेलं. तागाच्या बैलगाड्या, एखाददुसरी लॉरी. नदी उजव्या हाताला. ती दिसत नव्हती, नुसते बोटींचे भोंगे ऐकू यायचे.

श्यामराव आधी बोलत होते. रस्ता किती रुंद, नदीचा वास कसा येतो. मग कमी बोलायला लागले.

मग गप्प झाले.

मानेवर गार वारा आला.

"अहो, काच तुम्ही खाली केलीत का?"



"सीधा," घोषाल म्हणाला. आरशात बघत होता. ओठ कोरडे पडलेले. "सीधा चलिए. जोर से चलिए."

पुढे उजवीकडे एक लहान रस्ता रुळ ओलांडून घाटाकडे उतरत होता. तोंडाशी पांढऱ्या गणवेशातला पोलीस. कालिंदीने हात दाखवलेला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

पोलिसाने तिच्या मागे पाहिलं. शिट्टी फुंकली. समोरून येणारी लॉरी थांबवली आणि तिला खूण केली. वळा.

"नहीं! सीधा!" घोषाल ओरडला.

पण मागची लॉरीसुद्धा ही गाडी वळणार असं धरून डावीकडून पुढे घुसली होती. सरळ जायला वाटच उरली नाही. कालिंदीने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

गाडी रुळांवरून धडधडत उतारावर आली. घोषालच्या पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक होता. तो त्याने दाबला नाही. त्याने दोन्ही हात मागे टाकले होते, सीटवरून वाकून... कुणाला तरी धरून ठेवावं तसे.

ब्रेक कालिंदीनेच दाबला. गाडी घाटाच्या पायऱ्यांच्या तोंडाशी थांबली. पुढे धुकं. खाली कुठेतरी पाणी.



मग मागचं उजवं दार उघडलं.

आणि लागलं. हळूच. माणूस उतरल्यावर लावतो तसं.

कालिंदीने मागे पाहिलं. श्यामराव डावीकडच्या दाराला अगदी चिकटून बसले होते. अंग चोरून. त्यांचे डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर होते.

तिने गाडी मागे घेतली. कशी घेतली देव जाणे, मागे घ्यायला ती अजून धड शिकली नव्हती. गाडी रुळापर्यंत पोचली तेवढ्यात घाटाखालून एका नावाड्याची हाक आली.

"दिदी! ओ दिदी! आपनार शोंगेर मेयेटा रोये गॅलो!"

ताई, तुमच्याबरोबरची बाई मागे राहिली.

घोषाल दार उघडून उतरला. कानटोपी पडली, ती त्याने उचलली नाही.

"आप जाइए, मेमसाब. आपको गाड़ी आ गया."

आणि तो घाटाच्या दिशेने धावत सुटला. धावत. काही क्षण त्याच्या बुटांचा आवाज आला... मग तोही नाही.

 कालिंदीने गाडी दारात उभी केली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती एवढ्या मोठ्या शहरातून मास्तराशिवाय गाडी चालवत आली होती.

"तुम्ही असे कडेला का बसला होतात?" तिने जिन्यात विचारलं.

श्यामराव कठड्याला धरून थांबले.

"कळलं नाही गं. शेजारी कुणी बसायला आलं की आपण सरकतो ना... तसा सरकलो." एक पायरी चढून म्हणाले, "मग आणखी थोडा सरकलो."

यापलीकडे ते या विषयावर मरेपर्यंत बोलले नाहीत.

लीनाचं काय झालं ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव त्यात अडकेल. कालिंदीने दुसऱ्या शाळेतून परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं. लीनाला आपल्या गाडीतून नेलं, पुढची कित्येक वर्षं. काठी घेऊन का होईना, पोर स्वतःच्या पायांनी कॉलेजात गेली.

पण त्या रविवारची संध्याकाळ राहिली.

दिवेलागणीला कालिंदी गॅलरीत उभी होती. खाली ती काळी ऑस्टिन तशीच. आणि घोषाल आला. उघड्या डोक्याने. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पण सकाळची भीती तोंडावर नव्हती. उलट खूप दिवसांनी हवी ती वस्तू सापडावी, असा चेहरा.

"घोषालबाबू!" कालिंदी वरून म्हणाली. "ती कोण होती?"

त्याने वर पाहिलं. हात जोडले.

"कौन, मेमसाब?"

"मागे बसायची ती."

"पीछे तो आपके साहेब बैठे थे."

मग त्याने गाडीचं पुढचं डावं दार उघडलं. ज्या जागी तो स्वतः बसायचा, तिथलं. उघडून बाजूला उभा राहिला. वाट बघत. साडीचा काठ दारात अडकू नये म्हणून माणूस वाकून बघतो तसा वाकला. आणि आत तोंड घालून मऊ आवाजात काहीतरी म्हणाला.

रस्त्यावर तेव्हा कुणी नव्हतं. कालिंदीला शब्द न् शब्द ऐकू आला. कलकत्त्यात राहून एवढं बंगाली तिला येत होतं.

"आर कोनोदिन अमोन एका नेमो ना."

पुन्हा कधी असं एकटीने उतरायचं नाही.

त्याने दार लावलं. गाडीला वळसा घालून तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उतरला. परत डावीकडे आला आणि ते दार ओढून पाहिलं.

घट्ट लागलंय ना... ते.

मालतीबाईंनी पुढे चौकशी केली. गल्लीतली ती खोली बंद झाली होती. कुणी म्हणालं घोषालची बायको होती, कुणी म्हणालं शिकायला येणारी एक मुलगी होती, कुणी म्हणालं तो जन्माचा एकटाच. तो नदीकाठच्या बजबज गावाकडे कुठेतरी गेला, तिकडे गाडी शिकवतो, असंही कानावर आलं. खरं-खोटं कळलं नाही.

मी मावशीला एकदा विचारलं होतं, तुला भीती नाही का वाटली गं, अशी गाडीत कुणीतरी तुझ्या पाठीमागे बसलेली असताना?

मावशीने हातातल्या विणकामाची ओळ पुरी केली.

"तिची?" ती म्हणाली. "तिची कशाला वाटेल? ती बिचारी नुसता हात दाखवत होती."