एकाच सालाच्या दोन रेघा

बसा. शेवटची होडी लागली, पाहुणे गेले, आता घाई कसली? दार लोटून घ्या, नदीवरचा वारा फार आत येतो. आणि चष्मेवाले, त्या शिडीला टेकू नकोस. मोडत नाही गं ती, चांगली जुनी दणकट आहे. पण मोठ्या माणसानं टेकू नको म्हटलं की टेकू नये. ये, इकडं बाकावर ये.

हं. तर आज तुला पाहुण्यांनी विचारलं आणि तू गडबडलीस. दरवाजाच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत, प्रत्येकीपुढं साल आहे, मग एकच साल दोनदा कसं? खालची रेघ छिन्नीचे घाव घालून खोडलेली, आणि तिच्यावर दीड हात सोडून तेच साल पुन्हा कोरलेलं. तू सांगितलंस, 'दुरुस्ती.' बरोबर सांगितलंस. माहितीपत्रकात तेच छापलंय आणि तुम्ही सगळे वाटाडे तेच पाठ करता. ते माहितीपत्रक खोटं बोलत नाही. अर्धं बोलतं, एवढंच.

उरलेलं अर्धं आज सांगतो. माझ्या ओळखीच्या एका पाथरवटाच्या बाबतीत घडलेलं आहे. पाहुण्यांना सांगायचं की नाही, ते नंतर तुमचं तुम्ही ठरवा.

गावाचा नकाशा तुम्हाला तोंडपाठ आहे. नदी उत्तरेकडून येते, पुलाच्या अकरा कमानींखालून जाते आणि गावाला कोपरासारखा वळसा घालते. त्या कोपराच्या आत खालची आळी, आणि आळीच्या तोंडाशी हा दरवाजा, ज्याच्या खोलीत आपण बसलोय. पूर्वी इथं होड्यांकडून जकात घ्यायचे. जकात गेली, दरवाजा राहिला, कारण त्याचं खरं काम निराळंच होतं. मोठा पूर आला की पाणी कुठवर चढलं त्याची रेघ या भिंतीवर कोरायची. आळीत घर बांधायचं तर सगळ्यात वरच्या रेघेच्या वर जोतं घ्यायचं. त्याच्याखाली परवानगी नाही. जोतं रेघेच्या वर आहे ना, मग पूर येवो नाहीतर आणखी काही, माणसं बिनघोर झोपायची.

आणि रेघ कोरायचा एक नियम होता. भिंत ओली असतानाच कोरायची. पाणी उतरलं की दगडावर ओल राहते, ती वाळायच्या आत पाथरवटानं छिन्नी लावायची. तो पाथरवट सांगायचा, 'आमचा आजा म्हणायचा, रेघ पाणी मारतं, आपण फक्त गिरवायची.' भिंत एकदा वाळली की ज्याच्या त्याच्या डोक्यातला पूर वेगळा.

त्या साली पाणी फार चढलं. उतरलं तेव्हा ओल माणसाच्या डोक्याच्याही वर होती. पाथरवट छिन्नी घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरला. का? त्याच्या मुलाच्या घराचं जोतं नुकतंच बांधून झालं होतं, आळीच्या अगदी टोकाला. खरी रेघ कोरली असती तर ते जोतं पुरात गेलं असतं, कागदावर. त्याचं एकट्याचंच नव्हे, आळीतल्या सगळ्याच नव्या घरांचं. लोक म्हणाले, 'थांब दोन दिवस.' दोनाचे चार झाले. कडक ऊन पडलं, भिंत खडखडीत वाळली. मग नगरपालिकेच्या खोलीत बसून ठरलं. तिथं एक कारकून होता, गावाचा इतिहास लिहिणारा, मोठा हुशार. त्यानं सगळ्या जोत्यांची मापं काढली आणि म्हणाला, 'दीड हात खाली घेतली की सगळी बसतात.' पाचव्या दिवशी रेघ कोरली. दीड हात खाली. कुणी कुणाला दोष द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

एक माणूस मात्र गप्प बसेना. आळीत एक नावाडीण होती, म्हातारी. नवरा गेल्यावर तीच नाव चालवायची. डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी दोरात सापडून गेलेली, तीनच उरलेली. पुराच्या रात्री तिनं आपली नाव या दरवाजाच्या कडीला बांधली होती आणि रात्रभर त्यातच बसून होती. पाणी कुठवर आलं ते तिच्याइतकं कोण सांगणार? ती बाहेरच्या ओट्यावर चढायची, डावा हात उंच करून भिंतीवर ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, 'पाणी इथं होतं.' भांडायची नाही. ओरडायची नाही. एवढंच म्हणायची आणि उतरायची.

कारकून तिला म्हणाला, 'आजी, वय झालं तुमचं. अंधारात अंदाज चुकतो.'

ती म्हणाली, 'माझा चुकला असेल बाबा. पाण्याचा कसा चुकेल?'

मग तिला वेडी ठरवलं. तेच सोपं होतं. पोरं येताजाता विचारायची, 'आजी, आज पाणी कुठवर?' आणि मोठी माणसं त्यांना दटावायची सोडून हसायची. सहा वर्षं ती रोज हात ठेवत होती. ती जागा गुळगुळीत झाली. उद्या उजेडात बघा, वरच्या रेघेच्या बरोबर मध्यावर आहे.

सहाव्या वर्षी सप्टेंबरात, मंगळवारी रात्री, नदी पुन्हा चढली. अकराच्या सुमाराला पाणी त्या खोट्या रेघेला लागलं आणि थांबलं नाही. आळी झोपलेली. का नाही झोपणार? सगळ्यांची जोती रेघेच्या वर होती. म्हातारीनं नाव काढली आणि दारं बडवत सुटली. एकेक घर उठवलं. पार टोकाचं घर पाथरवटाच्या मुलाचं. तोवर खिडकीला पाणी लागलेलं. मुलगा, सून, दोन नाती... सगळ्यांना या दरवाजाच्या जिन्यावर आणून घातलं. धाकटी नात वर दिली आणि दोर म्हातारीच्या हातून सुटला. तीन बोटांत कितीसा दोर मावणार?

बुधवारी दुपारी पाणी ओसरलं. ती या ओट्याशीच सापडली. आळीतलं दुसरं कुणी गेलं नाही. खरं बोलणारी तेवढी गेली.

त्या संध्याकाळी पाथरवट कारकुनाच्या घरी आला. आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

'आज रात्री रेघ दुरुस्त करतो,' म्हणाला. 'तिचा हात होता तिथं.'

'उद्या दिवसा कर की.'

'दिवसा तोंड कसं दाखवू? आणि दिवसा लोक जमतील, पुन्हा थांब म्हणतील, आणि मी पुन्हा थांबेन. माझा मला भरवसा नाही. तू शिडी धर. खाली चिखल आहे, एकट्यानं जमायचं नाही.'

'किती वाजता?'

'पावणेतीनला. येशील ना?'

'येतो,' कारकून म्हणाला.

आता पुढचं मला पाथरवटानं स्वतः सांगितलं, तसंच सांगतो.

बुधवार उलटून गुरुवार लागला होता. वीज दोन दिवस नव्हतीच. पाऊस थांबलेला, आभाळ मोकळं, वारा नाही. पाथरवट शिडी खांद्यावर घेऊन आला तेव्हा दरवाजाशी कुणी नव्हतं. त्यानं थोडी वाट पाहिली. मग कपाळावरचा दिवा लावला, शिडी भिंतीला लावली, पाय ठेवला. शिडी सरकली. पुन्हा लावली. पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा पाय ठेवला...

शिडी घट्ट.

'आलास?' त्यानं विचारलं.

उत्तर नाही. त्याला नवल वाटलं नाही. बोलायचं कुठल्या तोंडानं, दोघांनीही? तो वर चढला. दिवा कपाळावर, उजेड भिंतीवर. खाली मिट्ट काळोख. त्यानं आधी खालची रेघ खोडली. एकेक घाव. मग वर सरकला. गुळगुळीत जागा सापडली. छिन्नी लावली.

खाली पाणी ठिबकत होतं.

टप... टप...

'भिजलास काय रे?'

छिन्नी चालूच.

मग तो बोलायला लागला. सहा वर्षांत कुणाशी बोलला नव्हता ते सगळं. मी भिंत मुद्दाम वाळू दिली. पोराच्या घरासाठी. माझ्या आजाच्या हाताला मी काळिमा लावला. आणि जिच्या जिवावर उठलो, तिनंच माझ्या नाती वाचवल्या. रडत होता, कोरत होता. शिडी हलली नाही.

शेवटी म्हणाला, 'तिला वेडी आपणच ठरवली रे.'

तेव्हा शिडी हलली. एकदाच.

आणि पुन्हा घट्ट.

त्यानं रेघ पुरी केली. तेच जुनं साल घातलं. उतरायला लागला. एक पायरी... दुसरी... शिडी धरलेलीच. अगदी खाली आला तेव्हा त्याचा पाय कुणाच्या तरी हातावर पडला. गार हात. त्यानं पाय चटकन उचलला. जमिनीवर उतरला. वळला.

कुणी नव्हतं.

त्याला वाटलं, कारकून लाजेनं न बोलताच निघून गेला. त्यानं शिडी खांद्यावर टाकली आणि तो घरी गेला. शांत झोपला म्हणे, सहा वर्षांत पहिल्यांदा.

काय म्हणालास? कारकून कुठं गेला?

कारकून...

कारकून गेलाच नव्हता. अडीचला उठला. चपला घातल्या. कडीवर हात ठेवला, आणि तसाच उभा राहिला. चार वाजेपर्यंत. भुताची भीती नव्हती वाटत. त्या गुळगुळीत दगडाची वाटत होती. म्हातारी रोज जिथं हात ठेवायची तिथं उजेडात बघावं लागेल, याची.

मी गेलो नाही. हो, मीच. तुमचं माहितीपत्रक कुणी लिहिलंय, विसरलात?

सकाळी पाथरवट घरी आला. आदल्या दिवशी उंबऱ्याबाहेर थांबलेला माणूस, सरळ आत आला. माझा हात हातात घेतला.

'बरं झालं तू आलास,' म्हणाला. 'एकट्याच्यानं झालं नसतं. सगळं बोलून टाकलं, आणि तू मधे एक शब्द काढला नाहीस. फार उपकार झाले. उतरताना तुझ्या हातावर पाय पडला माझा. लागलं का रे?'

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला त्या क्षणी सांगायला हवं होतं की ते सगळं त्यानं जिला सांगायला हवं होतं, तिनंच ऐकलं. त्याला केवढा दिलासा मिळाला असता. पण त्यासाठी मला म्हणावं लागलं असतं, मी आलो नाही.

मी म्हणालो, 'नाही. नाही लागलं.'

पहिलं खोटं सगळ्या गावानं मिळून केलं होतं. हे माझं एकट्याचं. अकरा वर्षं तो मला भेटला की लोकांना सांगायचा, 'ह्यानं धरली होती शिडी.' आणि मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, काय हा विनय. गेल्या वर्षी तो गेला. जाताना मुलाला सांगून गेला, शिडी त्याला द्या, त्याच्याशिवाय कुणाचा हक्क नाही तिच्यावर.

ती ही शिडी. घरात ठेवायची छाती होईना, म्हणून इथं आणली. मेल्याहून मेल्यासारखं होतं तिच्याकडं बघून. तरी रोज संध्याकाळी कोरडं फडकं घेऊन पुसतो, डावीकडचा पाय, माणसाच्या हाताला येतो तेवढ्या उंचीवर. भर उन्हाळ्यातही पुसावं लागतं. आज तुमच्या नादात राहून गेलं.

चष्मेवाले, मघाशी टेकली होतीस ना? किती वेळ झाला त्याला? बाहेर पाऊस नाही. वर छप्पर गळत नाही.

तुझी बाही बघ. अशी उजेडात धर.

ओली आहे ना? हाताच्या ठशाएवढीच.

आता मोज. किती बोटं आहेत?