खोक्यावरची चिमणी

"पत्ता ओठांवर आणायचा नाही. ज्याच्यावर जीव जडेल, त्याच्यापुढे तर मुळीच नाही. तिथेच जीभ घसरते बघ."

समुद्रापलीकडे निघताना मावशीने धाकटीचा हात घट्ट धरून हे बजावलं होतं. धाकटीने मान डोलावली होती खरी. पण जीव जडणं म्हणजे काय, हे तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं?

शिवणघरात ती वयाने सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. गिऱ्हाइकांचं काम हातावेगळं झालं की तिथल्या बायका झबली, दुपटी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी पुढून उघडणारे झगे शिवायला बसत. लाकडी खोक्यांत भरून ते सगळं मावशीकडे जाई. परमुलखात मावशी एक घर चालवत होती. मारहाणीतून पळालेल्या, घरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढलेल्या कोवळ्या पोरी तिथे राहत. स्वतःच अजून लेकरं, आणि कडेवर लेकरू.

त्यांतली एक इथलीच. पोटातलं बाळ सांभाळत ती याच शिवणघराच्या माळ्यावर लपली होती. दंडावर चाकूचा व्रण होता. तिचा नवरा तेव्हा दाराशी येऊन साईसारख्या मऊ आवाजात विचारून गेला होता, "आमची माणसं इकडे कुठे दिसली का हो?" धाकटी शिवत होती. तिने मान वर केली नव्हती, पण तो आवाज मात्र कानात कायमचा बसला होता. मावशीने त्या पोरीला आपल्याबरोबर नेलं. तेव्हापासून कपड्यांवरची दुकानाची पट्टी उसवून टाकायची, खोक्यावर नाव घालायचं नाही, आणि पत्त्याची चिठ्ठी धाकटीने एकटीने, तीही गोदीवर अगदी शेवटी चिकटवायची, असा शिरस्ता पडला.

आणि मग तो सुतार आला.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की हाताशी असलेलं दारही दिसेना. दुपट्यांचा ढीग छातीशी धरून धाकटी आत शिरणार, तोच कुणीतरी म्हणालं, "जरा थांबा… माप चुकेल."

चौकटीला फीत लावून तो उभा होता. पापण्यांवर लाकडाचा भुगा.

"खोकी करायला आलात ना? मग दार कशाला मोजता?"

"खोकं आत ठोकलं आणि दारातून निघालंच नाही तर? जन्मभर त्याच्याशीच संसार करावा लागेल तुम्हाला."

"खोक्यापेक्षा सुतार बरा गं!" आतून थोरलीचा आवाज आला. शिवणघरातली ही सगळ्यांत जुनी बाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं. सगळ्या यंत्रांची घरघर हसण्यात बुडाली. धाकटीचे कान तापले.

पण दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं, "जायचंय तिथली हवा दमट की कोरडी?"

तिने यंत्र थांबवलं. "का?"

"दमट असेल तर फळ्या फुगतील. बरं, तिथे जिना आहे का? बायकाच उचलणार असतील तर कड्या खाली लावतो."

"फार चौकशा करता तुम्ही."

"मी कुठे? लाकूड विचारतंय."

"मग लाकडाला सांगा… भोचकपणा बरा नव्हे."

तो हसला. पुन्हा विचारलं नाही. तिच्या यंत्रावर मात्र रोज रंध्याची एक गुंडाळलेली साल येऊन पडे, ताज्या लाकडाच्या वासाची. ती उचलून ठेवी, आणि रात्री अंथरुणावर पडली की भीती उशाशी येऊन बसे. एवढं गोड का बोलतो हा? गोड बोलणारी माणसं काय करतात, ते तिने त्या पोरीच्या दंडावर पाहिलं होतं. देवासमोर हात जोडले की तिला काय मागावं तेच कळेना. तो यावा, की येऊ नये?

आज दुपारी जहाज सुटणार होतं. खोकं भरून तयार होतं. धाकटी झग्याला शेवटचा टाका घालत होती आणि खिडकीबाहेर सुतार कुणाशी तरी बोलत होता. पांढरा शर्ट. सुताराच्या खांद्यावर हात. मग तो आवाज आला… साईसारखा मऊ.

सुई बोटात शिरली. तिला कळलंही नाही.

सुतार आत आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"काय सांगितलंत त्याला?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "बोला ना!"

"काही नाही. मला माहीतच नाही, तर सांगणार काय? तुम्ही का सांगत नव्हता, ते आज कळलं." तो घुटमळला. "पळालेल्या बायकोला शोधतोय. विचारत होता… गोदीवर दिसतात ती चिमणीवाली खोकी कोणत्या जहाजावर चढतात."

"चिमणी? कसली चिमणी?"

त्याने मान खाली घातली. मग खोक्याची कड तिच्याकडे वळवली. अगदी तळाशी, नखाएवढी, मान तिरकी केलेली एक चिमणी कोरलेली होती.

"प्रत्येक खोक्यावर कोरतो. तुम्ही दोरा ओवताना मान अशी करता ना… म्हणून."

एरवी ती लाजून चूर झाली असती. आता मात्र तिने ती खूण अंगठ्याने घासून पाहिली. पट्ट्या उसवून उसवून बोटं सोलली होती, आणि खोकं कपाळावर खूण मिरवत जात होतं! गोदीवर हजार खोकी सारखी, पण चिमणीचं एकच. तो मागोमाग जाणार, चिठ्ठी वाचणार…

"चौकीवर जाऊ या," थोरली पुटपुटली. पहिल्यांदाच तिला विनोद सुचला नव्हता.

"जाऊन काय सांगणार? गोड बोलणं हा गुन्हा थोडाच आहे?"

सुतार खाली बसला. पटाशीने त्याने चिमणी ढलपीसकट उचलली, रंधा फिरवून जागा सपाट केली. मग कोपऱ्यातलं रिकामं खोकं ओढलं आणि त्यावर नवी चिमणी कोरायला घेतली. मोठी. दुरून दिसेल अशी.

"हे हातगाडीवर घालून मी पुढच्या दाराने निघतो. वरच्या रस्त्याने, स्टेशनच्या मालधक्क्याकडे. तो चिमणीमागे येईल. तुम्ही मागल्या दाराने गोदीवर जा."

"आणि खोकं रिकामं आहे हे त्याला कळलं तर?"

"सुताराची खोकी रिकामीच असतात की." तो हसायला गेला आणि चिमणीवरचा भुगा फुंकू लागला.

"त्याच्याजवळ चाकू असतो…"

"माझ्या हातून खूण झाली. निस्तरायला नको? त्या पोरीपर्यंत तो पोचणार नाही. शब्द देतो." मग तो म्हणाला, "एक विचारू? पत्ता नाही विचारत."

"विचारा."

"परत आलो तर…"

"'तर' नको." तिचे डोळे भरून आले होते. "दाराचं माप घेतलंयत ना तुम्ही? त्याच दारातून परत यायचं. मी आत असेन. आज, उद्या… आणि मग कायमची."

त्याने मान डोलावली आणि खोकं गाडीवर चढवलं. थोरलीने तोंडाला पदर लावला.

मग हातगाडीचं चाक कुरकुरलं. फटीतून धाकटीने पाहिलं. नाक्यावर पांढऱ्या शर्टाने चहाचा पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि तो सावकाश चिमणीच्या मागे चालू लागला. सुताराने वळून पाहिलं नाही. उलट चालणं मुद्दाम धीमं केलं.

धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. ढलपीवरची चिमणी पोलक्यात सरकवली. थोरलीने एक कडी धरली, तिने दुसरी. खोकं अलगद उचललं गेलं; बायकांनाही उचलता यावं, म्हणून त्याने कड्या खालीच लावल्या होत्या.

मागल्या दाराची कडी आवाज न करता काढून दोघी गोदीच्या वाटेला लागल्या.