उकळलेल्या कातड्याचा वास

त्या वर्षी शुभा आणि अमितला युरोप बघायचा होता, तोही सगळा ट्रेननं. पण अमितच्या व्हिसाचं काम अडकलं. अमेरिकेबाहेर पडलो तर परत येता येईल याची खात्री नव्हती, म्हणून सगळं बुकिंग कॅन्सल केलं. त्यांची सात वर्षांची लेक केया फार हिरमुसली. तिला निदान डोंगरातली एक ट्रेन तरी दाखवावी म्हणून जानेवारीत शुभानं नेवाडातल्या रीनो शहराची दोन तिकिटं काढली. सकाळी बसायचं, सिएराचे बर्फाळ डोंगर ओलांडायचे आणि दिवस मावळायच्या आत उतरायचं. अमितला रजा नव्हती. तो दुसऱ्या दिवशी क्युपर्टिनोच्या घरून ड्राइव्ह करत त्यांना न्यायला येणार होता.

दुपारी एकच्या पुढं मायलेकी डायनिंग कारमध्ये जेवायला गेल्या. बाहेर पाइनची झाडं बर्फानं वाकली होती. तिथं अनोळखी माणसांनाही एकाच टेबलाशी बसवतात, पण यांच्या समोरची जागा रिकामीच होती. केयानं चीज सँडविच खायला घेतलं, तिची बोटं लोण्यानं माखली. शुभानं तिच्यासाठी नॅपकिन शोधला आणि मान वर केली, तर समोर एक बाई बसली होती.

पन्नाशीची असेल, नाहीतर ऐंशीचीही. गालफडं बसलेली, अंगावर मळकी लोकरी शाल. पण शुभाला आधी जाणवला तो वास. जुनं कातडं तासन् तास पाण्यात उकळत ठेवावं आणि त्यात चरबी करपावी, तसा. तो नाकातून थेट जिभेवर येऊन बसला. शुभा जन्माची शाकाहारी. तिनं समोरचा पास्ता बाजूला सारला.

बाईनं काही मागवलं नव्हतं, वेटरही तिच्याकडं फिरकला नाही. ती केयाकडं बघत होती. चेहऱ्याकडं नव्हे, कोपराच्या वरच्या गुबगुबीत दंडाकडं.

"हात गार पडलाय पोरीचा," ती इंग्रजीत हळूच म्हणाली आणि तिनं केयाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

म्हातारं माणूस, काय बोलायचं, म्हणून शुभानं तिला अडवलं नाही. त्या एका क्षणाच्या भिडेचा तिला पुढं फार राग आला. कारण बाई खाली वाकली आणि तिनं केयाचं बोट तोंडात घेतलं. चोखलं. मग दुसरं. हिरड्या काळ्या पडलेल्या, दात सुटे झालेले, आणि चुटचुट असा ओला आवाज.

शुभानं लेकीचा हात हिसकावून घेतला. बोटांवर लोण्याचा मागमूस नव्हता, नुसती चिकट, करडी लाळ.

"इट्स ओके, आई," केया म्हणाली. "शी इज जस्ट हंग्री."

तेवढ्यात लाउडस्पीकरवर माहिती सांगायला सुरुवात झाली. पुढं बोगदा लागेल, मग खाली तळं दिसेल. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बैलगाड्यांतून कॅलिफोर्नियाला निघालेली कुटुंबं त्या तळ्याकाठी बर्फात अडकली होती. आधी त्यांनी बैल खाल्ले, मग कातडी उकळली. आणि मग त्यांतल्या काहींनी मेलेल्या माणसांचं...

"कातड्याचा गोंद होतो," बाई शुभाला म्हणाली. स्वयंपाकातली एखादी गोष्ट सांगावी इतक्या साधेपणानं. "गिळवत नाही. पण मग सवय होते... सगळ्याचीच होते."

गाडी बोगद्यात शिरली. खिडक्या काळ्या झाल्या, दिवे एकदा लुकलुकले आणि गेले. शुभानं केयाला घट्ट कवटाळलं. ओकारी थेट घशाशी आली, तेव्हा तिनं चाचपडत ग्लास उचलला आणि ती घटाघट पाणी प्यायली. 

दिवे आले. समोर कुणी नव्हतं. खाली पांढरंशुभ्र तळं दिसत होतं. शुभाच्या हातातल्या ग्लासच्या कडेला ओठांचा तुपकट ठसा होता, आणि तो तिच्या ओठांचा नव्हता. ती बाथरूमकडं धावली. पुष्कळ ओकली, तरी जिभेवरचा तो थर काही निघाला नाही.

रीनोच्या हॉटेलात तिनं केयाला साबण लावून लावून आंघोळ घातली. पोर दमली होती, सात वाजताच झोपून गेली. शुभानं मात्र दुपारपासून अन्नाला स्पर्श केला नव्हता. फळ नको, दही नको, नुसत्या विचारानं मळमळत होतं. पांघरूण सारखं करायला ती पलंगावर बसली. केयाचा दंड उघडा होता. गरम, गुबगुबीत, साबणाचा वास येणारा. शुभा बघत राहिली. किती वेळ, ते तिलाही कळलं नाही. 

भानावर आली तेव्हा ती खूप खाली वाकली होती.

बाथरूममध्ये शिरून तिनं आतून कडी लावली आणि अमितला फोन केला. उद्या नको, आत्ताच नीघ, म्हणाली. केयाला घेऊन जा.

"अगं, पण झालं काय? बरं नाहीये का तिला?"

"ती बरी आहे... तू ये."

"मग तुला काय होतंय?"

शुभा बेसिनवर वाकून थुंकली. तोंड लगेच पुन्हा पाण्यानं भरून आलं.