सात नंबर उठत नाही

बीदरहून खटकचिंचोळीला मी गेलो ते आठ कॉम्प्युटरांच्या कामाला. साल दोन हजार दहा, मार्च महिना. या धंद्यात माझी पंधरा वर्षं गेली, आणि गिऱ्हाईक "आपोआप बंद पडलं" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं. कुठंतरी बटन असतं, कुठंतरी वायर निघालेली असते.

अंबिकानं तसलं काही सांगितलं नाही, म्हणून मला ती बरी वाटली. पुढच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर क्लास. मागच्या खोलीत तिची आई बाणूबाई, अकरा दिवस डोळे मिटून पडलेली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. लाईट जाऊन आली की सगळ्या मशिनी चालू करायला अंबिकाला आईजवळून उठावं लागे. उशाशी बसून लॅपटॉपवरूनच त्या चालू करायची सोय तिला हवी होती.

"आई डोळे उघडंल तवा मी समोर पायजे, अण्णा," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई."

सोय होते. प्रत्येक मशिनीला बारा अक्षरांचा एक नंबर असतो. लॅपटॉपवरून तो सोडला की वायरीतून सगळ्यांकडं जातो, पण ज्या मशिनीचा असेल तीच उठते.

"कळपात एका मेंढराला नावानं हाक मारल्यावानी," अंबिका म्हणाली.

दुपारचे बारा झाले होते. खोलीत घोंगडीचा आणि तेलाचा वास होता, पंखा सावकाश फिरत होता. खाटेजवळ स्टुलावर बसल्या बसल्या मलाही पेंग येत होती. मी पहिल्या मशिनीचा नंबर सोडला. पुढं टूं वाजलं. अंबिका दारात उभी राहून "उठली" म्हणाली. दोन, तीन, सहापर्यंत तसंच झालं.

सात सोडला.

"न्हाई उठली."

परत सोडला, आणि बाणूबाईनं डोळे उघडले.

"अंबे, कुनी हाक मारली गं?"

अंबिका धावली. बाणूबाई दोन चमचे पाणी प्याली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा डोळे मिटले.

योगायोग, मी म्हणालो. खात्री करायला सात पुन्हा सोडला, आणि तिनं पुन्हा डोळे उघडले.

"तिकडं लई जन निजल्यात," बाणूबाई म्हणाली. "हाक समद्यांला ऐकू येतीय. माझी म्हनून मी उठले." आणि झोपली.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. भ्यालो की मी काम करत सुटतो. पुढच्या खोलीत जाऊन बघितलं, तर सात नंबरच्या मागचा हिरवा दिवा बंद. भिंतीवरचं बटनच दाबलेलं नव्हतं. करंट नसला तर मशीन हाक ऐकणार कशी? मी बटन दाबलं, परत येऊन सात सोडला. पुढं टूं वाजलं.

बाणूबाई हलली नाही.

"कामून दाबलं बटन?" अंबिका म्हणाली.

बटन बंद केलं. वायर काढून परत लावली. होतं तसं सगळं करून वीसदा सात सोडला. बाणूबाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"दुसरा नंबर घाला."

"दुसरा कुणाचा?"

"कुनाचा बी."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिचं तोंड बघवेना. मी सातच्या नंबरातलं शेवटचं अक्षर बदललं आणि सोडला. मग त्याच्या आधीचं बदललं. क्लासच्या पोरी आल्या, अंगणात थोडा वेळ थांबल्या आणि परत गेल्या. ऊन खाटेपर्यंत आलं. नंबर कितवा होता ते मी मोजलं नाही.

बाणूबाईनं डोळे उघडले.

या खेपेला ती उठून बसली. तिनं पंखा बघितला, भिंती बघितल्या, स्वतःचे हात उलटे करून बघितले.

"आई," अंबिका म्हणाली आणि रडत तिच्या पायाशी बसली.

बाणूबाईनं पाय जवळ ओढून घेतले. परक्या घरी आल्यासारखा पदर डोक्यावर घेतला.

"अक्का," ती अंबिकाला हळूच म्हणाली, "मेहकरला गाडी कवा हाय? लेकरं घरी एकलीच हायत."

पंखा फिरत होता. मी लॅपटॉपकडं हात नेला. त्या आधीच अंबिकानं तो मिटला आणि त्यावर हात ठेवून बसली.

"आता कायबी सोडू नगासा, अण्णा," ती म्हणाली.

मग तिनं डोळे पुसले आणि खाटेवरच्या बाईला विचारलं, "चहात साखर किती घालू?"